सुकटीला वास, फिश सॉसला 'फ्लेवर'

नायजेरियात नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात 'फिशरमन सूप' करतात. लाल पामतेल, मासे, खेकडे, कोळंबी, कधी भेंडीही, आणि वर वाळवलेल्या बारक्या कोळंबीची भरड पूड. तिथे या पुडीला 'क्रेफिश' म्हणतात. आपल्याकडे सुकट म्हणतात आणि नाक मुरडतात.

हे सूप मी सांगलीच्या घरी केलं. आपल्याकडचं पिशवीतलं पामतेल शुद्ध करून रंग घालवलेलं असतं, म्हणून शेंगतेल घेतलं. सुकट कोरडी भाजून मिक्सरला लावली. भेंडीची तार मोडण्यासाठी आपण चिंच-आमसूल घालतो. तिथे ती तारच हवी असते. कसाव्याच्या गोळ्याऐवजी ज्वारीची भाकरी घेतली. फोटो टाकल्यावर ऑफिसातल्या मंडळींनी 'एक्झॉटिक' म्हणून रेसिपी मागितली. डब्यात सुकटीची चटणी निघाली की यांतलेच काही जण टेबल बदलतात.

यात एक्झॉटिक काय आहे? कोकणातली सुकी मासळी कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडच्या बाजारात येते, पावसाळ्याआधी घरोघर तिची बेगमी होते. पहिल्या पावसात पाटण-जावळीकडे ओढ्यांत, भातखाचरांच्या बांधांवर खेकडे धरतात. त्यांचे बारके पाय पाट्यावर वाटून, गाळून ते पाणी रश्शात घालतात. चवीचा सगळा जीव त्या पाण्यात असतो. कवचाचाही अर्क सोडायचा नाही, ही अक्कल नायजरकाठी आहे तशी कोयनाकाठीही आहे. पण सातारा-सांगलीचं जेवण म्हटलं की सगळ्यांना फक्त मटण आठवतं. 'अस्सल गावरान' अशी पाटी लावणाऱ्या हायवेवरच्या एकाही हॉटेलात मला सुकट मिळालेली नाही. मटण सणावारी, पाहुणा आला की शिजायचं. एरवी मजुराच्या, भूमिहीनाच्या भाकरीवर सुकट असायची, आणि तिच्या वासाला नावं ठेवताना आपण ती कोण खातं याला नावं ठेवतो.

वास येतो, हे खरंच. हिंगाला येतो, तूप कढवताना येतो. त्यावरून कुणी भाडेकरू नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. पुण्यात मला मात्र एका घरमालकांनी सांगितलं होतं, "चिकन चालेल, सुकट-बोंबील नको." त्यांच्याच ओट्यावर थाई फिश सॉसची बाटली होती. मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या माशांचं पाणी असतं ते.