पडलेल्या गढीचीही नोंद हवी

सिंदखेडराजातला लखुजी जाधवांचा राजवाडा जपला गेला, कारण तिथे जिजाऊंचा जन्म झाला. दर 12 जानेवारीला तिथे जनसागर लोटतो, ते योग्यच आहे. पण त्याच तालुक्यातल्या दुसरबीडच्या पंचक्रोशीपासून थेट पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत, वऱ्हाडातल्या गावोगावी देशमुखांच्या नाहीतर पाटलांच्या गढ्या होत्या, त्यांना कोणी वारसा म्हणत नाही. बुरूज ढासळले, दरवाजे गेले, बहुतेक ठिकाणी पांढऱ्या मातीचा उंचवटाच उरला. तो सपाट होण्याआधी त्याची रीतसर नोंद झाली पाहिजे, कारण राजवाडा एकटा उभा नव्हता. निजामशाहीतल्या लखुजींसारख्या सरदाराची फौज पोसली जायची ती गावांच्या महसुलावर, आणि गढी हे त्या वसुलीचे खालचे टोक होते. तिथे धान्याची पेवे असत, हिशेब चाले आणि पेंढाऱ्यांची धाड आली की गाव आत शिरे. 1629 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात लखुजींची हत्या झाली, हे इतिहासकारांनी लिहून ठेवले. गावाचे धान्य कुठे साठे आणि वेस कुठवर होती, हे लिहिण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

या गढ्या तोफांनी पाडल्या, हा समज सोयीचा आहे. 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याशी ठरू लागला आणि देशमुखीचे कामच उरले नाही. मातीची भिंत कितीही रुंद असो, वरचे छप्पर आणि दरवर्षीचे लिंपण थांबले की पावसाळेच तिला खातात. उरलेली पांढरी लोकांनी धाब्यांवर आणि शेतात नेली. त्यात गैर काही नव्हते.

‘मग आता राहिले काय?’ असे कोणी विचारेल. वर्धेजवळच्या पवनारला 1967 च्या उत्खननात मातीखालून वस्तीचे जुने थर निघाले. बुलढाणा जिल्ह्यातल्याच भोनला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना बौद्ध स्तूप सापडला. प्रत्येक गढीखाली असे काही असेलच असे नाही, पण माती उपसल्यावर ते तपासायची सोयही राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गढी म्हणजे वेठबिगार आणि जबर वसुली, तिचे कौतुक कशाला? कौतुक नकोच. पण गढीच्या सावलीत कोणाची घरे होती आणि कोणाला वेशीबाहेर ठेवले होते, हे गढीची जागा पुसल्यावर कसे दाखवणार? जुलमाचा पुरावा नाहीसा झाला तर सोय जुलूम करणाऱ्याच्या वारसांचीच होते.

गावकऱ्यांची भीती मात्र खरी आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, आणि भर गावठाणात ती कोणाला परवडणार? म्हणून प्रत्येक गढी संरक्षित करा, असा हट्ट इथे नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्याच नकाशावर गढीच्या टेकाडाची हद्द आणि उंची टिपता येईल. जेसीबीने टेकाडाचा कडा कापण्यापूर्वी ग्रामपंचायतीने तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवावे आणि कापलेल्या थरांची छायाचित्रे व खापरांचे नमुने ठेवून घ्यावेत. त्यासाठी घरकुलाचे काम अडवावे लागत नाही, चार दिवस आधी निरोप गेला की पुरे.