बोबड्या बोलांना दोष नको

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात मूल एकाच भाषेत वाढत नाही. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, गल्लीत दखनी, जवळच्या तांड्यावर लमाणी. दोन वर्षांचे पोर ‘आई, नीरु दे’ म्हणाले की घरची मंडळी कौतुकाने हसतात. तेच पोर उशिरा बोलू लागले की दोष मात्र दोन भाषांवर येतो. ‘घरातली मराठी बंद करा’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात, शिकलेली माणसेही देतात. हा सल्ला चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सगळी मुले एकाच वाटेने बोलायला शिकत नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅथरीन नेल्सन यांनी १८ मुलांचा अभ्यास करून १९७३ साली हे दाखवून दिले. काही मुले पाणी, माऊ, भाकरी अशी वस्तूंची नावे आधी उचलतात. काहींचा ओढा माणसांकडे. ती ‘दे ना’, ‘चल जाऊ’ असे अख्खे बोल चालीसकट उचलतात आणि त्यातले शब्द मागाहून सुटे करतात. पुष्कळ मुले दोन्ही करतात. पहिल्या मुलाचे शब्द मोजता येतात. दुसऱ्याचे बोल पुसट म्हणून कोणी धरतच नाही.

दोन भाषांच्या मुलावर असाच अन्याय होतो. त्याचे वीस शब्द मराठी आणि वीस कन्नड असतील, तर हिशेब चाळिसांचा व्हायला हवा. भाषांची सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. आपण मोठी माणसे कन्नडातून आलेले ‘अक्का’, ‘अण्णा’ रोज म्हणतो. दखनीने आपल्या ‘नको’चा ‘नक्को’ केला.

मात्र खऱ्या उशिराकडे डोळेझाक नको. दोन वर्षे पुरी होऊनही मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात. आईवडिलांनी त्यांना हे जरूर सांगावे.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आपला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे ते सांगते. पण मूल बोलू लागते ते शाळेच्या कितीतरी आधी. म्हणून अंगणवाडीच्या ताईंना आमची विनंती आहे: पोराचे मराठी उत्तर हे उत्तरच समजा आणि त्याला कन्नड शब्द जोडून द्या.

कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे; ती मुलांना उत्तम यायलाच हवी. त्यासाठी आजीने नातवाशी मराठीत बोलणे थांबवण्याचे काहीच कारण नाही.