श्रमदानाच्या कामाला तारीख हवी

पेरणीची वेळ शेतकरी ठरवीत नाही. ती वाफसा ठरवितो. त्या वेळी ज्याची जमीन तयार असेल त्याची पेरणी साधते. परंतु बिनपगारी हातांनी व्हावयाच्या कामाला वेळ कोणी घालून द्यावी, हा प्रश्न ग्रामसेवकांना नेहमी पडतो. या बाबतीत एका निराळ्या क्षेत्रातील अनुभव बोधप्रद आहे.

संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करण्याची काही मोठी कामे जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी आहेत. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा प्रकल्प त्यांपैकीच एक. ‘तयार होईल तेव्हाच प्रसिद्ध करू’ असे त्याचे धोरण होते. जुलै २००२ मध्ये त्याची एक आवृत्ती निघाली. पुढची निघावयास जून २००५ उजाडला. कार्यकर्ते आळशी नव्हते. परंतु काही भाग अपुरे राहिले की पुरे झालेले भागही कोठारात पडून राहत. आपले काम लोकांच्या हाती पडत नाही असे दिसले, म्हणजे स्वयंसेवकाचा उत्साह ओसरतो.

याउलट ग्नोम या प्रकल्पाने २००२ पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढण्याचा प्रघात पाडला. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या कामात तर पहिले सुमारे दोन आठवडेच नवे काम स्वीकारतात. मग दार बंद होते, आणि पुढील सहा-आठ आठवडे केवळ दोष काढले जातात. ज्याचे काम राहिले, ते पुढच्या खेपेस. पुढची खेप दूर नसते, म्हणून कोणी अर्धेकच्चे काम घाईने आत लोटीत नाही व तंटाही माजत नाही.

तारखेच्या हट्टाने काम निकृष्ट होईल, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर डेबियननेच दिले आहे. नवे काम थांबविण्याचा दिवस तेथे आता आधी जाहीर होतो. प्रसिद्धी मात्र गंभीर दोष निघाल्यावरच होते. २०११ पासून त्याच्या आवृत्त्या सुमारे दोन वर्षांच्या अंतराने निघत आहेत. म्हणजे कापावयाचा तो कामाचा पसारा, गुणवत्ता नव्हे.

आमच्या मते गावच्या श्रमदानालाही हाच नियम लागू करावा. पावसाळा सरला की ओढ्यावर वनराई बंधारे घालावयाचे असतात. पाच बंधारे योजिले आणि माणसे कमी आली, तर पाचही अर्धवट ठेवण्यापेक्षा तीन पुरे करावे. अर्धवट बंधाऱ्यात पाणी ठरत नाही. उरलेले दोन पुढील वर्षाच्या यादीत प्रथम घालावे, म्हणजे ज्यांच्या शेताजवळचे राहिले त्यांचा विश्वास टिकेल.

ग्रामसेवक बंधूंनी कामाच्या आरंभीच ग्रामसभेत तीन गोष्टी सांगाव्या: नवे काम कधीपर्यंत स्वीकारले जाईल, डागडुजीस किती दिवस राखले आहेत, आणि राहिलेले काम केव्हा घेतले जाईल. स्वयंसेवकावर हुकूम चालत नाही. परंतु तारीख ठाऊक असली, म्हणजे आपल्याला किती जमेल हे तो प्रामाणिकपणे सांगू शकतो. आणि गावाच्या कामाला खरा आधार त्या शब्दाचाच असतो.