विश्लेषण : कॅन्सर चौथ्या टप्प्यात असताना दुसऱ्या रुग्णाची सोबत नेमकं काय देते?

'धीर धरा, सगळं ठीक होईल.' कॅन्सर झालेल्या माणसाला हे वाक्य नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी असे सगळेच ऐकवतात. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचला असेल, तर बहुतेक वेळा डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलेलं असतं. आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता कमी आहे, उपचारांनी काही महिने किंवा काही वर्षं मिळू शकतात. तो काळ जगायचा कसा, हे रुग्णाने विचारायचं कोणाला?

जगभरातल्या अनेक रुग्णांनी यावर स्वतःच एक उत्तर शोधलं आहे. ते म्हणजे त्याच आजारातून जात असलेला दुसरा रुग्ण. याला 'पीअर सपोर्ट' म्हणतात. साध्या मराठीत समदुःखी माणसाची सोबत. ही सोबत काय देते, काय देऊ शकत नाही आणि ती घेताना काय सांभाळावं लागतं?

चौथा टप्पा म्हणजे काय?

मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कॅन्सरचे २०२२ मध्ये जगभरात १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक जणांचा मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर याच कॅन्सरचा क्रमांक लागतो.

आतड्यातली गाठ दूरच्या अवयवापर्यंत पसरली की तो चौथा टप्पा. या टप्प्यात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांतही साधारण १० ते १५ टक्के आहे. अर्थात, ही सरासरी आहे. यकृतातल्या मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढता आलेले काही रुग्ण बरेही होतात. काहींच्या गाठीतले जनुकीय बदल विशिष्ट औषधांना चांगला प्रतिसाद देतात. त्यामुळे चौथा टप्पा म्हणजे लगेच शेवट असं नाही. पण बहुतेकांसाठी तो कधीही न संपणारा उपचार असतो. केमोथेरपी, स्कॅन, निकालाची वाट, पुन्हा केमोथेरपी.

नेमकं इथेच नेहमीचे आधारगट अपुरे पडतात. 'मी कॅन्सरवर मात केली' ही गोष्ट पहिल्या टप्प्यातल्या रुग्णाला बळ देते. ज्याचा उपचार संपणारच नाही, त्याला तीच गोष्ट एकटं पाडू शकते. आपण पुरेसं लढलो नाही की काय, असं त्याला वाटू लागतं.

डेबोरा जेम्स यांनी काय बदललं?

ब्रिटनमधल्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका डेबोरा जेम्स यांना डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी चौथ्या टप्प्यातला आतड्याचा कॅन्सर असल्याचं कळलं. शौचाबद्दल चारचौघांत बोलायला लोक लाजतात आणि त्यामुळे निदान लांबतं, हे ओळखून त्या 'बॉवेलबेब' या नावाने समाजमाध्यमांवर मोकळेपणाने बोलू लागल्या.

२०१८ मध्ये रेचल ब्लँड आणि लॉरेन मेहन यांच्यासोबत त्यांनी बीबीसीचा 'यू, मी अँड द बिग सी' हा पॉडकास्ट सुरू केला. तिघींनाही कॅन्सर झालेला होता. केस गळणं, पैशांची ओढाताण, मुलांना कसं सांगायचं, मरणाची भीती, अशा विषयांवर त्या मैत्रिणी बोलाव्यात तशा बोलत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेचल यांचा ४०व्या वर्षी मृत्यू झाला. तरीही कार्यक्रम चालू राहिला. पुढे रेचल यांचे पती स्टीव्ह त्यात सहभागी झाले.

मे २०२२ मध्ये आपण आता घरीच शेवटची शुश्रूषा घेत असल्याचं डेबोरा यांनी जाहीर केलं आणि कॅन्सर संशोधनासाठी निधी उभारायला सुरुवात केली. लक्ष्य अडीच लाख पौंडांचं होतं. काही दिवसांतच ६० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. २८ जून २०२२ रोजी त्यांचं निधन झालं. त्या वर्षी मे ते जुलै या तीन महिन्यांत इंग्लंडमध्ये पोटाच्या खालच्या भागातील कॅन्सरच्या संशयावरून १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांना तपासणीसाठी पाठवण्यात आलं. आधीच्या वर्षीच्या याच काळापेक्षा ही संख्या सुमारे ३० हजारांनी जास्त होती.

सोबतीने आयुष्य वाढतं का?

या प्रश्नाचा इतिहास रंजक आहे. १९८९ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ महिलांचा त्यात समावेश होता. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दर आठवड्याला गटात बसून बोलणाऱ्या महिला सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर महिला १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! या निकालाने मोठी आशा निर्माण केली.

पण २००१ मध्ये कॅनडातल्या २३५ महिलांवरचा मोठा अभ्यास आला आणि चित्र बदललं. गटात असलेल्या आणि नसलेल्या महिलांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. सरासरी साधारण १८ महिने दोन्हीकडे. मात्र दुसरी एक गोष्ट दिसली. गटातल्या महिलांना मानसिक त्रास आणि वेदना कमी जाणवत होत्या. ज्या आधीपासून जास्त अस्वस्थ होत्या, त्यांना याचा अधिक फायदा झाला.

हे दोन्ही अभ्यास स्तनाच्या कॅन्सरवरचे आणि तज्ज्ञांनी चालवलेल्या गटांवरचे आहेत, त्यामुळे ते आतड्याच्या कॅन्सरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी एवढा बोध घेता येतो की 'गटात या, जास्त जगाल' असं आश्वासन कोणी देऊ नये. 'गटात या, आहेत ते दिवस थोडे सुसह्य होतील' असं म्हणता येतं.

मग प्रत्यक्षात मिळतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे रोजचं शहाणपण. या कॅन्सरमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध नेहमी वापरलं जातं. ते घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला तरी झिणझिण्या येतात, गार पाणी प्यायल्यास घसा आवळल्यासारखा वाटतो. डॉक्टर याची कल्पना देतात. पण फ्रिज उघडण्याआधी हातमोजे घालायचे, हिवाळ्यात सकाळी बाहेर पडताना तोंडाला मफलर गुंडाळायचा, ही सवय आधी गेलेला माणूस शिकवतो.

तीच गोष्ट स्टोमाची. आतड्याचं तोंड पोटावर उघडून तिथे पिशवी लावली जाते. ती गळेल का, वास येईल का, एसटीने लांबचा प्रवास कसा करायचा, लग्नाच्या पंगतीत जेवायचं की नाही, नवराबायकोच्या नात्याचं काय? हे प्रश्न डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत तोंडातून निघत नाहीत. पिशवी लावून चार वर्षं नोकरी करणारा माणूस समोर बसला की आपोआप निघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं, हे कळतं. गाठीची आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय तपासणी झाली आहे का? यकृताच्या शस्त्रक्रियेबाबत तज्ज्ञांचं मत घेतलं का? वेदनाशमनासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटता येईल का?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. घरच्यांसमोर रुग्ण रडत नाही, कारण ते खचतील. घरचेही त्याच्यासमोर रडत नाहीत. आपल्याकडे तर अनेकदा 'त्यांना सांगू नका' म्हणून निदानच लपवलं जातं. अशा घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कोणीच बोलत नाही. 'मला भीती वाटते' हे वाक्य ज्याला सांभाळावं लागत नाही अशा माणसाजवळच बोलता येतं.

या सोबतीची किंमत काय?

चौथ्या टप्प्यातल्या गटात मैत्री होते आणि मित्र जातात. ज्याच्याशी काल बोलणं झालं, त्याचा फोन एक दिवस त्याची मुलगी उचलते. दुसऱ्याच्या मृत्यूत स्वतःचा मृत्यू दिसतो. त्यामुळे काही काळ गटापासून लांब राहणं हा पळपुटेपणा नाही. काहींना गट नकोच असतो, एकच ओळखीचा रुग्ण पुरेसा होतो. अभिनेता चॅडविक बोझमन यांनी चार वर्षं हा आजार जगापासून खासगी ठेवला आणि ऑगस्ट २०२०मध्ये, ४३व्या वर्षी त्यांचं निधन झाल्यावरच तो लोकांना कळला. तोही एक मार्गच होता.

दुसरा धोका चुकीच्या माहितीचा. 'केमो बंद करा, हा रस घ्या' असा एक मेसेज व्हॉट्सॲप गटात पडला की घाबरलेलं घर त्याकडे ओढलं जातं. एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, कारण गाठीचे गुणधर्म वेगळे असतात. दुसऱ्या रुग्णाकडून अनुभव घ्यावा, उपचार घेऊ नये.

महाराष्ट्रात ही सोबत कुठे मिळते?

मुंबईत स्टोमा असलेल्यांसाठी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या व्ही केअर फाउंडेशनचे स्वयंसेवक रुग्णांना भेटतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. 'माझ्यासारख्या एखाद्या रुग्णाशी बोलता येईल का?' हा प्रश्न तिथे विचारता येतो. मन फारच खचलं असेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

आणि कोणतंही नाव नसलेली सोबतही आहेच. उपचारांसाठी गाव सोडून आलेली कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. तिथे रात्री जेवण झाल्यावर नांदेडचा रुग्ण सावंतवाडीच्या रुग्णाला उद्याच्या रांगेबद्दल सांगतो, त्या वेळी पीअर सपोर्टच सुरू असतो.

निवड कशी करावी?

गटात आपल्याच टप्प्यातले रुग्ण आहेत का, हे आधी पाहावं. उपचार सोडायला सांगणारा किंवा काही विकणारा गट टाळावा. रुग्णाचं नाव आणि रिपोर्ट त्याला न विचारता पुढे पाठवू नयेत. रुग्णाची काळजी घेणाऱ्या नवऱ्यासाठी, बायकोसाठी, मुलांसाठी वेगळी सोबत शोधावी, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

आणि जे रुग्ण नाहीत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. 'सगळं ठीक होईल' म्हणण्याऐवजी 'पुढचा स्कॅन कधी आहे, मी सोबत येऊ का?' असं विचारता येतं.