आडसाली प्रेमाची गोष्ट



आषाढाचा पाऊस लागला, रोपलावण आटोपली, की आपल्या कोल्हापूरच्या पश्चिम भागात माणसे सोप्यात अडकून पडतात. या दिवसांत मी करपा, तुडतुडे आणि युरियाचा हप्ता यांबद्दल सांगत असतो. आज मात्र एका कादंबरीबद्दल सांगणार आहे. हसू नका. कादंबरीचा आणि शेतकऱ्याच्या घराचा संबंध काय, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

गेल्या पावसाळ्यात चंदगड तालुक्यातल्या एका गावी भाताची पाहणी करायला गेलो होतो. ओढ्याला पाणी आले आणि एका शेतकऱ्याच्या घरी संध्याकाळपर्यंत थांबावे लागले. चहा ठेवायला उठलेल्या सुनेने हातातले पुस्तक घाईघाईने पिठाच्या डब्यामागे सरकवले. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही.

"बघा साहेब, चुलीवर आमटी उतू जाती आणि हिचं ध्यान त्या पुस्तकात. कादंबऱ्या वाचून कुणाचा संसार झालाय?"

पुस्तक होते रणजित देसाई यांचे 'स्वामी'. गावच्या वाचनालयातले, पाने हाताळून मऊ झालेली.

मी म्हटले, "मावशी, हे लिहिणारा माणूस तुमच्याच तालुक्यातला. कोवाडचा."

कोवाड म्हणताच त्या जरा नरमल्या. ताम्रपर्णीकाठचे कोवाड त्यांच्या ओळखीचे. रणजित देसाई तिथे १९२८ साली जन्मले. 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे 'श्रीमान योगी' आली. १९९२ साली देसाई गेले, पण 'स्वामी' आजही घराघरांत वाचली जाते.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोठा संहार झाला. त्या धक्क्यातून नानासाहेब पेशवे सावरले नाहीत आणि त्याच वर्षी वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांवर राज्याचा भार आला. घरात काका रघुनाथराव विरोधात, दाराशी निजाम, दक्षिणेत हैदर, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. या पोराने १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाला हरवले, १७६८ साली धोडपला काकांचे बंड मोडले, हैदरावर स्वाऱ्या केल्या. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या चिंतामणीपाशी क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावीस. पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या.

हे झाले इतिहासाचे. कादंबरीत या साऱ्यामधून एक धागा हळूहळू विणला जातो, तो माधवराव आणि रमाबाई यांच्या प्रेमाचा. लहानपणी लग्न झालेली ही दोघे. मोठा वाडा, माणसांची वर्दळ, मोहिमांचे महिने. एकमेकांशी निवांत बोलायला वेळ मिळतो तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. म्हणून तर एखादी विचारपूस, एखादा रुसवा, मोहिमेवर निघतानाचा निरोप वाचणाऱ्याच्या मनात घर करून राहतो.

पुष्कळांची तक्रार असते की अशी पुस्तके फार संथ चालतात. त्यांना मी आडसाली उसाचे उदाहरण देतो. मेथी महिन्यात हाती येते, तीही हवीच. पण जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. पहिले काही महिने तर काही वाढतेय असे वाटतही नाही. पण खाली फुटवे धरत असतात, मुळ्या खोल जात असतात. रमा-माधवांचे प्रेम या जातीचे आहे. पहिल्या शंभर पानांत काय घडले असे विचाराल, तर फारसे काही सांगता येणार नाही. शेवटची पाने आली की मात्र कळते, आपण या दोघांत किती गुंतलो आहोत.

आणि वाचकहो, आपल्या घरातले प्रेम तरी कुठे वेगळे असते? नवरा-बायको दिवसभर एका रानात भांगलतात, पण बोलणे होते ते खताचे, दुधाचे, सोसायटीच्या हप्त्याचे. प्रेम नसते असे नाही. ते बोलायची सवय नसते. दुसऱ्याच्या गोष्टीच्या निमित्ताने ती थोडी लागते.

त्या दिवशी मी सासूबाईंना एकच सुचवले, "सुनेला चोरून वाचायला लावू नका. जेवणे झाली की तिने पाच-सात पाने मोठ्याने वाचावी, सगळ्यांनी ऐकावे. तुम्हाला नाही आवडले, तर पुस्तक परत."

पुढे सप्टेंबरात पुन्हा त्या गावी गेलो. वाचन चालू होते. सासूबाईंची कुरकुरही चालू होती, पण आता ती रघुनाथरावांवर होती. माधवरावांच्या आजाराची पाने आली, तेव्हा वाचता वाचता सून थांबली होती. सोप्यात सासरे खोकत होते. दोन महिन्यांचा खोकला, अंगात संध्याकाळची कणकण. "तंबाखूचा खोकला" म्हणून कुणी मनावर घेतले नव्हते. त्या रात्री सगळ्यांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला. थुंकी तपासली. क्षयच निघाला. औषधे सुरू झाली.

पेशव्यांच्या काळी या रोगावर औषध नव्हते. रोगाचा जंतूच मुळी १८८२ साली सापडला. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि नेमाने सहा महिने घेतले तर रोगी सहसा पूर्ण बरा होतो. राज्याच्या धन्याला जे मिळाले नाही, ते आज कोणत्याही शेतकऱ्याला मिळते. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर तपासणी टाळू नका. मधेच बरे वाटले म्हणून औषधही सोडू नका.

त्याच घरात सातवीतल्या नातीने मला विचारले, "काका, रमाबाईंनी जीव का दिला ओ? त्यांचा काय दोष?" मी पटकन म्हणालो, "तेव्हाची रीतच होती बाळ." घरी परतताना माझेच मला हे उत्तर लंगडे वाटले. आता इथे नीट देतो.

रमाबाईंचे प्रेम मोठे होते, यात शंका नाही. पण ते मोठे होते ते त्यांच्या जगण्यात, त्यांनी दिलेल्या साथीत. चितेने ते मोठे झाले नाही. सती बंगालात १८२९ साली कायद्याने बंद झाली आणि लवकरच आपल्या मुंबई इलाख्यातही. १९८७ च्या कायद्याने सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरला. तेव्हा शेवटची पाने वाचताना डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या, पण मुलींना हेही सांगा की नवऱ्यामागे ताठ मानेने उभी राहून घर, रान, लेकरे सांभाळणारी बाई प्रेमात तसूभरही कमी नसते. आपल्या प्रत्येक गावात अशा बायका आहेत.

आणखी एक. कादंबरी म्हणजे बखर नव्हे. लढाया, तारखा इतिहासातल्या असतात. बंद दाराआडचे बोलणे लेखकाच्या मनातले असते. एवढे भान ठेवून वाचावे.

या पावसाळ्यात एवढे करा. गावच्या वाचनालयातून पुस्तक आणा. रोज रात्री मोबाइल अर्धा तास बाजूला ठेवा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. वाचणारणीची भांडी त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

त्या चंदगडच्या घरात भांडी कोण घासते, हे मी विचारले नाही. पण या जूनमध्ये गेलो तेव्हा म्हातारबुवांची औषधे संपली होती, खोकलाही गेला होता, आणि सासूबाईंनी विचारले, "साहेब, दुसरं कुठलं पुस्तक आणायचं?"