जुन्या दाराचं काय करायचं?

पाथरीच्या आमच्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकला, तेव्हाच बाहेरचं दारही काढायचं असं घरात बोललं गेलं होतं. दोन कवाडांचं सागवानी दार, निजामाच्या काळातलं. तोंड पश्चिमेला, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारभरचं ऊन आणि पुढे पावसाची झड, दोन्ही त्यालाच. ऑइलपेंटचे पोपडे सुटलेले, आतलं लाकूड राखेसारखं, खालच्या अंगाला चिरा.

पुण्याचे धाकटे बंधू म्हणाले, "भाईजान, लोखंडी गेट लावून टाका. जुनी दारं घेणारे फिरतात, विकून टाकू."

फिरतात हे खरं. मराठवाड्यातल्या पडक्या वाड्यांची दारं आणि खांब शहरातल्या हॉटेलांत जाऊन बसलेत. असा एक व्यापारी आमच्याकडेही आला. त्यानं दारावर टिचक्या मारल्या, नखानं पेंट खरवडला आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून आम्ही विचारात पडलो. सडलेल्या लाकडाला कुणी एवढे पैसे देतं का? शिवाय दार अब्बांचं, म्हणजे त्यात आपांचाही हिस्सा. त्यांना फोन केला. म्हणाल्या, "मला पैसे नकोत, पण मला विचारल्याशिवाय दाराला हात लावू नका." विषय तिथंच थांबला.

मग मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एका कोपऱ्यात पटाशीनं हलकं तासलं. राखाडी थराखाली मधाच्या रंगाचा साग निघाला. लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ उन्हानं तुटतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर राखाडी तंतू उरतात. पण हे सगळं वरच्या कातड्यात, मिलिमीटरभरही खोल नाही. आम्ही मात्र त्या कातड्यावरून दाराला मेलेलं ठरवून मोकळे झालो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. तोवर लाकूडही सुकलं होतं. इथं एक गोष्ट प्रत्येक घरानं ध्यानात ठेवावी. जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. ९० पीपीएमपेक्षा जास्त शिशाचा घरगुती रंग बनवायला आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आली. आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून कोरडं घासलं नाही. पाणी मारून खरवडलं, तोंडाला मास्क लावला, मुलांना नानीकडे धाडलं. पोपडे पोत्यात भरले, बंबात मुळीच घातले नाहीत.

अम्मी अंगणात खाटेवर बसून होत्या. हिरव्याखाली निळा निघाला तशा म्हणाल्या, "ये तो तुमारी फुप्पी के शादी का रंग है." निळ्याखाली तपकिरी. तो त्या स्वतः या घरात आल्या तेव्हाचा. घरात लग्न निघालं की दाराला रंग, अशी रीतच होती. मिस्त्रींनी हात थांबवून आमच्याकडे पाहिलं. चौकटीच्या आत, ऊन-पाऊस आणि मुलांचे हात पोचत नाहीत तिथं, तळहाताएवढा तुकडा आम्ही तसाच ठेवला.

बंधूंचा आग्रह होता, पारदर्शक वार्निश मारा, लाकडाच्या रेषा दिसतील. मिस्त्री ऐकेनात. पारदर्शकातून ऊन आत जातं, खालचं लाकूड पुन्हा राखाडी होतं आणि वार्निश पापडासारखं सुटतं. लाखेचं पॉलिश घरातल्या कपाटाला ठीक, पाणी लागलं की पांढरं पडतं. त्यांनी पेंटच्या दुकानातून डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणवलं (घाण्याचं खायचं जवसाचं तेल दिवसेंदिवस चिकट राहतं), तेवढंच टर्पेंटाइन मिसळलं आणि थोडा वस्त्रगाळ गेरू घातला. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड. रंगही देतो आणि ऊनही अडवतो. हात पातळ द्यायचा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, दोन दिवस वाळू द्यायचं. असे तीन हात. दार उतरवून खालची कड मात्र पोटभर तेल पाजली, कारण पाणी तिथूनच वर चढतं.

चूक आमच्याच हातून झाली. तेलाच्या चिंध्या आम्ही गोळा करून कोपऱ्यात टाकल्या. संध्याकाळी मिस्त्रींनी ढिगात हात घातला आणि ओरडलेच. चिंध्या आतून गरम झाल्या होत्या. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती कोंडते आणि काडी न लावता आग लागते. बाजूलाच सरपण होतं. अल्लाहनं वाचवलं. चिंध्या लगेच पाण्यात बुडवल्या.

तेलाचा हात दरवर्षी पावसाळ्यानंतर द्यावा लागेल. नॉर्वेत बाराव्या शतकातली लाकडी चर्च उभी आहेत, त्यांनाही दर काही वर्षांनी पाइनचं डांबर चोपडतात.

तो व्यापारी परवा पुन्हा येऊन गेला. या वेळी आकडा वाढवला. आम्ही त्याला आपांचा नंबर दिला.