चाळणं आणि वाचणं

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. म्हणाली, "सर, 'स्किम थ्रू' म्हणजे 'चाळणे' असं लिहिलं तर चालेल का?" मी म्हणालो, "चालेल की." ती गेली. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. मुखेडला सगळी हयात भाषा शिकवण्यात गेली आणि या पोरीला उत्तर दिलं तेही वरवरच, असं वाटलं.

इंग्रजीतलं 'स्किम' मुळात स्वयंपाकघरातलं. दुधावरची साय किंवा उकळत्या पातेल्यावरचा फेस अलगद काढून घेणं म्हणजे स्किम. 'स्किम्ड मिल्क' म्हणजे साय काढलेलं दूध. आपल्याकडं गुऱ्हाळात कढईतल्या रसावरची मळी काढतात, ते कामही तेच. वाचनात याचा अर्थ झाला, मजकुरावरून भरभर नजर फिरवून मुख्य मुद्दा काढून घेणं.

पण पुढचा 'थ्रू' विसरायचा नाही. 'थ्रू' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'आय स्किम्ड थ्रू द रिपोर्ट' म्हणणाऱ्यानं अहवाल शेवटपर्यंत पाहिलेला असतो, फक्त शब्द न् शब्द वाचलेला नसतो. सगळं नीट वाचलं तर ते 'रीड थ्रू'. आणि निकालाच्या यादीत नुसता आपला नंबर शोधला तर ते 'स्कॅन'.

आपल्या मराठीतही अशा पायऱ्या आहेत. 'नजर टाकली' म्हणजे जेमतेम पाहिलं. 'डोळ्यांखालून घातलं' म्हणताना थोडी जबाबदारी येते. साहेबांनी कागद डोळ्यांखालून घातला म्हटलं की पुढं "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. आणि 'चाळलं' म्हणजे पानं उलटत गेलो. पण पुस्तक चाळणं आणि पीठ चाळणं, शब्द एकच. पीठ चाळलं की हवं ते खाली पडतं, कोंडा वर राहतो. ज्वारी चाळली की हवी ती वर राहते, माती खाली पडते. म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे चाळणाऱ्याला आधी ठाऊक पाहिजे. चाळणीला ते कळत नाही!

हे मला फार उशिरा कळलं, आणि दुसऱ्याच्या नुकसानीतून कळलं.

2021 च्या खरिपातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, आता शेती करतो, पीकविम्याचे कागद घेऊन आला. "सर, एवढं बघून द्या." मी बाहेर निघालो होतो. उभ्या उभ्या चाळलं. नाव बरोबर, पीक सोयाबीन, क्षेत्र बरोबर, रक्कम बरोबर. "ठीक आहे सगळं," म्हणून कागद परत दिले. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला. त्याच्या शेतात गुडघाभर पाणी. शेत पाण्यात गेलं तर 72 तासांच्या आत कळवायचं, ही अट त्याच कागदांत होती. तो चार दिवस पाणी काढण्यात आणि जनावरं सांभाळण्यात गुंतला, पाचव्या दिवशी कळवायला गेला. मुदत संपलेली. भरपाई मिळाली नाही.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मी साय काढून घेतली होती, पण तसल्या कागदात साय वर नसतेच. वर नाव आणि रक्कम असते, ती आपल्याला आधीच माहीत असते. महत्त्वाचं खाली असतं, बारीक अक्षरात. तिथं खडे शोधावे लागतात: 'परंतु', 'तथापि', 'अन्यथा', 'च्या आत', आणि प्रत्येक आकडा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की भरभर वाचणं शिकवावं, जरूर शिकवावं. एवढा मजकूर रोज अंगावर येतो, त्यातला सगळा वाचायचा तर जन्म पुरणार नाही. वर्तमानपत्र चाळा, मोबाइलवर आलेलं तर नुसतं ढकलून द्या. पण त्याच तासाला पोरांना हेही सांगावं, की जिथं सही करायची तिथं चाळायचं नाही. आमच्याकडं सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. अठरा अध्याय, एक ओवी गाळलेली चालत नाही. देवाच्या पोथीला जी शिस्त लावतो, ती सातबाऱ्याला आणि कर्जाच्या कागदाला का लावत नाही? पोथीतली एखादी ओवी चुकून राहिली तर देव माफ करील. कागदातली ओळ माफ करत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून हे सगळं सांगितलं. तिनं मुकाट्यानं ऐकलं आणि विचारलं, "पण सर, परीक्षेत 'चाळणे' लिहू ना?"

लिही म्हणालो. मार्क मिळतील.

तो विद्यार्थी अजूनही कागद घेऊन येतो. आता मी त्याला बसायला सांगतो, चष्मा पुसतो, आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचतो. अर्धा तास जातो. चहा होतो तोवर.